न उच्चारलेली तक्रार

हर्षल म्हस्के बढतीची बातमी घेऊन शलाकाच्या केबिनमध्ये आला, तेव्हा त्याचा चेहरा बढती मिळालेल्या माणसाचा नव्हता.

"दार लावू का, मॅडम?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लावूनही टाकलं.

शलाका वाघचौरे वाळूजच्या त्या कारखान्यात एचआर व्यवस्थापक होती. कारखान्यात काचपेट्या बनत. अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की घरचे लोक नातेवाइकांना फोन करून सांगतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय’, ती काच. आतली हवा ठरावीक उबेची ठेवायची एवढंच तिचं काम, पण त्यावर एक मूठभर जीव तगलेला असतो. हर्षल चाचणी विभागातला वरिष्ठ इंजिनिअर. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीच्या तापमानाची जबाबदारी त्याच्या विभागाकडे होती.

"गुवाहाटीच्या सर्व्हिस केंद्राचे प्रमुख," शलाका हसून म्हणाली. "मोठी उडी आहे. पेढे कुठं आहेत?"

"मी ही जागा मागितली नव्हती."

"चांगलं काम केलं की न मागताही मिळतं कधीकधी."

हर्षल खुर्चीत बसला. गळ्यातलं आयकार्ड त्यानं मुठीत घट्ट धरलं होतं, जणू त्याचा आवाज दाबत होता.

"मॅडम, मला एक शंका आली होती. रुग्णालयात पेट्या जंतुनाशकानं रोज पुसतात. सात-आठ महिने तसं पुसल्यावर आतल्या तापमानाच्या सेन्सरवरचा थर झिजतो, आणि सेन्सर खरं तापमान दाखवत नाही. आत जास्त गरम असतं, पडद्यावर मात्र सगळं ठीक. पडताळणीसाठी दुसरा सेन्सर आहे, पण तोही त्याच बनावटीचा. दोघं मिळून सारखंच खोटं बोलतात. बाळाचं अंग तापतं. डॉक्टरांना वाटतं, संसर्ग झाला. औषधं सुरू होतात. आणि ताप असतो पेटीचा."

शलाकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हे तुम्ही कळवलंय?"

"तीच तर गंमत आहे. मी हे कोणालाच बोललेलो नाही. पुरावा नव्हता, म्हणून गप्प होतो. रेवतीला, माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मोबाइलमध्ये टाइप केलं नाही. सोमवारी तक्रार नोंदवायची असं फक्त मनात ठरवलं होतं. शुक्रवारी बढती आली." तो पुढं झुकला. "मनातलं कसं कळलं त्यांना?"

"योगायोग असेल, हर्षल."

"लोखंडेंचा पण योगायोग? ते पण चाचणीतच होते. नागपूरला गेले, मोठ्या पगारावर. त्यांच्या आधी त्या साठे बाई." त्यानं मूठ उघडली. कार्ड त्याच्या तळव्यावर निवांत पडलं होतं. "तुम्ही कँटीनमध्ये स्टुलावर उभं राहून सांगितलं होतंत, हे कार्ड माणूस ओळखत नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघून संमतीपत्रावर सही केली होती. दुसरं कोणी सांगितलं असतं ना, तर केली नसती."

शलाकाला ते बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

आयकार्डात जी यंत्रणा होती तिचं नाव ‘साद’. माणूस मनाला न पटणारं काही करत असतो किंवा एखादी गोष्ट दाबून ठेवत असतो, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातलं एक केंद्र सारखा इशारा देत राहतं. माणसाला स्वतःला तो कळतोच असं नाही, पण शरीराला कळतो. स्वरयंत्राचे स्नायू किंचित आवळतात. शब्द सुरू व्हायला सेकंदाच्या काही शतांशांचा उशीर होतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. खोटं पकडणारी जुनी यंत्रं इथंच फसत आली होती. घाबरलेला खरा माणूस आणि सराईत खोटारडा यांच्यातला फरक त्यांना कळत नसे. ‘साद’ बनवणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी एका माणसाची तुलना दुसऱ्याशी केलीच नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली, महिनोन् महिने. चपलेत खडा गेलेला माणूस लंगडतोय हे घरच्यांना लगेच कळतं, कारण तो एरवी कसा चालतो हे त्यांना माहीत असतं. तसंच हे. कार्डातला बारीक मायक्रोफोन शब्द साठवत नसे, फक्त बोलण्याची लय साठवत असे, आणि ती लय कुठं लंगडते ते पाहत असे.

हे सगळं चांगल्यासाठी, असं शलाकाला वाटलं होतं. कुठल्या विभागात माणसं मन मारून काम करताहेत हे एचआरला आधीच कळलं, तर तिथल्या साहेबाला समज देता येईल, दबाव कमी करता येईल. आकडे फक्त विभागाचे येणार, माणसाचे कधीच नाहीत, असं तिला सांगण्यात आलं होतं, आणि तसंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं.

ती एचआरमध्ये आली त्यालाही कारण होतं. तिची आई चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सुपरवायझरच्या वागण्याबद्दल आईनं एकदा एचआरच्या साहेबांना विश्वासात घेऊन सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत ते त्या सुपरवायझरच्या कानावर गेलं. आईनं नोकरी सोडली. शाळकरी शलाकानं तेव्हा आईला रडताना पाहिलं नाही. आई महिनाभर फार मोठ्यानं भांडी घासत होती, एवढंच तिला आठवत होतं.

हर्षल गेल्यावर तिनं सरळ तासकर मॅडमना फोन लावला.

रोहिणी तासकर कंपनीच्या एचआर प्रमुख, बसायच्या मात्र इथंच, वरच्या मजल्यावर. शलाकाला कॉलेजातून निवडून आणलं ते त्यांनी. तिला नोकरी लागली त्याच वर्षी एका संचालकाच्या भाच्यानं प्रशिक्षणार्थी मुलीशी घाणेरडं वर्तन केलं होतं. मॅडमनी स्वतःचा राजीनामा टेबलावर ठेवून त्याला हाकलून लावलं. त्या दिवसापासून शलाकाच्या मनात एचआर म्हटलं की मॅडमचा चेहरा यायचा.

"अगं, हर्षल तिथं तडफडत होता, म्हणून त्याला मोकळी जागा दिली," मॅडम म्हणाल्या. "कार्डाचा काय संबंध? विभागाचे आकडे येतात, तुला माहीत आहे. त्याला सांग, नवीन जागेची भीती वाटतेय म्हणून असं सुचतंय. आणि सेन्सरचं म्हणशील, तर तांत्रिक विभागाला मी आजच सांगते. तू उद्या पुण्याला जा. बक्षीस आपल्याला मिळतंय, चेहरा तुझाच हवा."

शलाकाचा जीव भांड्यात पडला. ती चाचणी विभागात गेली आणि हर्षलला म्हणाली, "मी खात्री करून घेतलीय. कार्डाचा काहीही संबंध नाही."

हर्षलनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाकडे वळला.

पुण्याचा समारंभ एका मोठ्या हॉटेलात होता. ‘कार्यस्थळी नैतिकता’ या गटातलं पहिलं बक्षीस शलाकाच्या कारखान्याला होतं. वर्षभरात एकही तक्रार नाही. निवेदकानं हे सांगितलं तेव्हा सभागृहानं टाळ्या वाजवल्या, आणि शलाकाला मनापासून अभिमान वाटला. माणसं समाधानी असली की तक्रारी आटतात. तिनं भाषणातही तेच सांगितलं.

जेवणाच्या वेळी एक तरुण मुलगी ताट घेऊन तिच्याजवळ आली. मैथिली नाडकर्णी, ‘साद’ बनवणाऱ्या कंपनीतली इंजिनिअर.

"मला तुम्हाला भेटायचंच होतं," ती उत्साहानं म्हणाली. "आमच्या सगळ्या ग्राहकांत तुमची केस सगळ्यात सुंदर आहे. बाकीचे घाबरतात हो. विभागाच्या आकड्यांवरच अडून बसतात. माणसागणिक चालू करायला धीर लागतो."

शलाकाच्या हातातला घास तसाच राहिला. "माणसागणिक?"

"हो ना! आम्हाला वाटायचं, आमचा अंदाज फार तर आठवडाभर आधीचा असेल. पण तुमच्या डेटावर शिकल्यावर सिस्टीम दोन-तीन आठवडे आधी सांगायला लागली. म्हणजे त्या माणसानं तक्रार करायचं अजून ठरवलेलंही नसतं, आणि आपल्याला माहीत असतं! मग तुम्ही लोक त्याला इतक्या छान पद्धतीनं हलवता. ना वाद, ना कोर्ट. एकही तक्रार नाही!" मैथिलीनं तिच्या ताटाकडे पाहिलं. "तुम्ही काही घेतलंच नाही. पुरणपोळी चांगली आहे."

ती मुलगी दुष्ट नव्हती. आपण काय बोललो हे तिला कळलंही नव्हतं. शलाकानं ताट ठेवून दिलं आणि बक्षिसाची ट्रॉफी काखोटीला मारून ती गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर ती ड्रायव्हरशी फक्त एकदा बोलली. रांजणगावपाशी त्यानं विचारलं, चहाला थांबायचं का, आणि ती म्हणाली, "नको, सरळ चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तासकर मॅडमच्या केबिनमध्ये ती न विचारता शिरली.

"‘साद’ आपल्याकडे माणसागणिक चालतं?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या नाकारतील, चिडतील, निदान चपापतील अशी शलाकाची अपेक्षा होती. तसं काहीच झालं नाही.

"बस आधी."

"चालतं की नाही?"

"चालतं. पहिल्या दिवसापासून."

शलाका बसली नाही. 

"हर्षलला मी काय शिक्षा केली, सांग," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "हुद्दा वाढला, पगार वाढला. लोखंडे मजेत आहेत. साठेची मुलगी चांगल्या शाळेत जातेय. पूर्वी तक्रार करणाऱ्याचं काय व्हायचं ते तू ऐकलंयस, मी बघितलंय. आधी मित्र तुटतात, मग नोकरी जाते, मग घरात शांतता राहत नाही. ज्या मुलीसाठी मी राजीनामा ठेवला होता ना, ती पुढं कुठल्याच कंपनीत टिकली नाही. कोणी घेईना तिला. मी तेव्हाच ठरवलं, माणूस आगीत उडी मारायच्या आधी त्याला उचलून बाजूला ठेवायचं."

"आणि आग?"

मॅडमनी टेबलावरचा चष्मा सरळ करून ठेवला.

"मॅडम, सेन्सरचं तुम्ही तांत्रिक विभागाला सांगितलंत?"

"त्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी नवा सेन्सर येतोय. आत्ता पेट्या परत मागवल्या तर हा कारखाना उभा राहणार नाही, आणि इथल्या माणसांच्या पोटाचा विचार पण मलाच करायचा असतो. सगळ्याच पेट्यांत होत नाही ते."

"ज्यांत होतं त्यांत बाळ असतं."

मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं. खाली अंगणात रात्रपाळी सुटायच्या तयारीनं विजेच्या बसगाड्या ओळीनं येऊन थांबत होत्या.

"मला का नाही सांगितलंत?" शलाकानं विचारलं. "मी तुमच्या शब्दावर सगळ्यांना शब्द दिला. परवा हर्षलला पुन्हा दिला!"

"म्हणूनच नाही सांगितलं." मॅडम वळल्या. त्यांच्या डोळ्यांत माया होती, खरी माया, आणि तेच शलाकाला सहन झालं नाही. "तुला माहीत असतं तर ते तुझ्या आवाजात आलं असतं. माणसांना कळतं गं ते, त्याला यंत्र लागत नाही. मी त्या स्टुलावर उभी राहिले असते तर एकानंही सही केली नसती. तू बोललीस आणि सगळ्यांनी केली, कारण तुला ते खरंच वाटत होतं. तेवढं खरं माझ्याकडे उरलं नव्हतं, शलाका."

इतकी वर्षं ज्याला ती आपला चांगुलपणा समजत होती, ते कोणाच्या तरी हातातलं अवजार होतं. चांगलं, धारदार, जपून वापरलेलं अवजार. 

"तुझीही ऑर्डर निघालीय," मॅडम म्हणाल्या. "पुणे मुख्यालय. नीतिमूल्य विभागाची प्रमुख. तू त्याला लायक आहेस, हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही."

"कधी ठरलं हे?"

"काल संध्याकाळी."

काल संध्याकाळी ती गाडीत होती, कार्ड गळ्यात होतं. तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हणाली होती, नको, सरळ चला.

शलाकानं गळ्यातलं कार्ड काढलं, मॅडमच्या चष्म्याशेजारी ठेवलं आणि ती बाहेर पडली.

मॅडम तिला काही मिनिटांत अडवतील हे तिला ठाऊक होतं. तक्रार कुठं करायची? ‘साद’ वापरणाऱ्यांकडेच? वकिलाकडे जायचं तर हातात काय होतं, जेवणाच्या ताटाशेजारी ऐकलेली चार वाक्यं. सेन्सरचं तिला हर्षलनं सांगितलं तेवढंच कळत होतं. पण जिना उतरताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती इतकी साधी होती की आधी सुचली नाही याचंच आश्चर्य वाटलं. ते यंत्र फक्त न बोललेलं ऐकतं. एकेकट्या माणसाच्या मनात दडलेली शंका, तेवढंच त्याचं खाद्य. शंका मोठ्यानं, सगळ्यांसमोर बोलली गेली तर त्या यंत्राला ओळखायला काही उरतच नाही. एका हर्षलला गुवाहाटीला पाठवता येतं. अख्खं कँटीन कुठं पाठवणार?

कँटीनमध्ये पाळी बदलायची गर्दी होती. जाणारे चहा घेत होते, येणारे पोहे. वाढपाच्या खिडकीशेजारचं स्टूल तिनं ओढलं आणि त्यावर चढली. माणसं हसली; शलाका मॅडम स्टुलावर चढल्या म्हणजे काहीतरी नवीन योजना असणार.

"माझं ऐका," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, हे कार्ड माणूस ओळखत नाही. ते खोटं होतं. ते ओळखतं. तुमच्यापैकी कोणाच्या मनात काय खुपतंय ते तुम्ही बोलायच्या आधी वरच्या मजल्यावर कळतं, आणि मग त्या माणसाला बढती देऊन लांब पाठवतात. मला हे काल कळलं."

हसू थांबलं.

"आपल्या पेट्यांचा सेन्सर काही महिन्यांनी खोटं तापमान दाखवतो, असं कळलंय. आतली बाळं भाजून निघत असतील. ज्यांच्या मनात याबद्दल काही असेल, त्यांनी आत्ता, इथं, सगळ्यांसमोर बोलावं. मनात ठेवाल तर एकेकटे उचलले जाल."

 चमचे वाजायचे थांबले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर हर्षल होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घालून पोहे चिवडायला सुरुवात केली. त्याचं सामान बांधून झालं होतं, मुलाचा दाखला काढून झाला होता. तिनं नजर काढून घेतली.

"म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?" असेंब्लीतल्या सुनंदा गवळी उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात राग होता. "मग तुम्ही इथं बसून काय बघत होता, मॅडम? आम्ही तुमच्या भरवशावर गळ्यात बांधलं हे. गळ्यात!"

"चूक माझी आहे," शलाका म्हणाली.

"चूक म्हणून मोकळ्या होताय!"

दारातून दोन सुरक्षारक्षक आत आले. ते तिच्याकडे येत होते, पण त्यांना तिला ओढायची लाज वाटत होती. दोघांच्याही नोकरीचे अर्ज तिनंच पुढं केले होते. तेवढ्यात तापमान कक्षातला मोहसीन शेख जागेवरूनच म्हणाला, "परत आलेल्या पेट्यांत मी पाहिलंय ते."

सगळे त्याच्याकडे वळले. तो जरा गांगरला, मग उभा राहिला. "दुरुस्तीला परत आलेल्या पेट्या. साहेब म्हणाले, जुन्या झाल्या की असं होतं. मी म्हटलं, असेल. पण मला झोप लागत नव्हती."

"मी पण पाहिलंय," कोणीतरी मागून बोललं.

"आमच्याकडे नाशिकच्या दवाखान्यातून फोन आला होता..."

मग एकदम बरेच जण बोलायला लागले. एकमेकांचं तोडून, हात उंचावून, चिडून. रक्षकांनी शलाकाला स्टुलावरून हात देऊन उतरवलं आणि मागच्या दारानं बाहेर नेलं. गेटपर्यंत तिला तो कल्ला ऐकू येत होता. तो तिच्यासाठी नव्हता, तिच्या बाजूनंही नव्हता. पण तो कल्ला होता.

पुढचं बरंचसं वर्तमानपत्रांत आलं. कँटीनमधल्या माणसांनी एकत्र जाऊन वैद्यकीय उपकरणांच्या सरकारी कार्यालयात जबान्या दिल्या. पेट्या तपासल्या गेल्या, आणि ज्या जुन्या झाल्या होत्या त्या परत मागवाव्या लागल्या. बाळांचं काय झालं याची चौकशी लांबत गेली. काही घरांतून शलाकाला फोन आले, आणि त्यातले दोन तिला जन्मभर विसरता येणार नव्हते. तासकर मॅडमनी प्रकृतीचं कारण देऊन निवृत्ती घेतली. ‘साद’ बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की यंत्र फक्त दाखवतं, पुढं काय करायचं हे ग्राहकाचं. आणि त्यांचा धंदा चालू राहिला. कारखाना बंद पडला नाही. निम्मा झाला. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांतले काही जण रस्त्यात शलाका दिसली की पलीकडच्या बाजूला जात.

तिची नोकरी कँटीनच्या त्या दिवशीच गेली होती.

हर्षल गुवाहाटीला गेला नाही. कँटीनमध्ये तो उठला नव्हता, पण नंतर सरकारी कार्यालयात सगळ्यात सविस्तर जबानी त्यानंच दिली, आकडेमोडीसकट. कामगारांनी आता स्वतःची समिती केली होती. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ज्याला जे खुपतं ते सगळ्यांसमोर बोलायचं. हर्षल त्या समितीचा प्रमुख होता. शलाका एकदा त्याला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटली.

"तुमच्या समितीला काही मदत लागली तर मी येईन," ती म्हणाली. "पैसे नकोत. कायदा मला माहीत आहे, चौकशी कशी चालवायची ते माहीत आहे."

हर्षलनं चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

"मॅडम, तुम्ही खोटं बोलला नव्हता, हे मला कळलंय. आम्हा सगळ्यांना कळलंय. तुम्ही प्रत्येक वेळी खरंच बोलत होता." त्याला योग्य शब्द सापडेना. "त्याचीच भीती वाटते आता. खोटं बोलणाऱ्याचं काय, आज ना उद्या कळतं. तुमचं कसं कळणार?"

तो हे चिडून बोलला नव्हता. तो फार हळुवारपणे बोलला होता. त्यानं तिच्याही चहाचे पैसे दिले, आणि शिफ्टचा भोंगा झाला म्हणून आत निघून गेला.

त्यानंतर शलाकानं बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. कुठूनच उत्तर येईना. मग एका सकाळी चाकणच्या एका कंपनीतून मुलाखतीसाठी फोन आला. बोलणारी मुलगी एचआरमध्येच होती, ऋतुजा नावाची, आणि तिला शलाकाबद्दल वाचून आदर वाटत होता. तिनं तो लपवला नाही. पगार, जबाबदाऱ्या, सुट्ट्या, सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आणि मॅडम, तुम्हाला एक मुद्दाम सांगते. आमच्याकडेही कार्डं आहेत, पण तुमच्याकडे झालं तसं इथं होणं शक्यच नाही. आमचे आकडे फक्त विभागाचे येतात. माणसाचे कधीच नाहीत."

शलाका ऐकत राहिली. त्या आवाजात कुठंही अडखळणं नव्हतं. स्वच्छ, तरुण, खरा आवाज.

"ऋतुजा, तुम्ही स्वतः पाहिलंय ते?"

"म्हणजे?"

"आकडे कुठून येतात, वर कोणाला काय दिसतं, हे तुम्ही स्वतः उघडून पाहिलंय?"

"नाही, पण आमच्या मॅडमनी मला..." मुलगी थांबली. "त्या तशा नाहीत. मी त्यांना ओळखते."

"तुमच्या कंपनीत यंदा तक्रारी किती आल्या?"

 आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, शब्द सुरू व्हायला किंचित उशीर करून, ती म्हणाली, "एकही नाही."

"तुमच्या गळ्यात आत्ता कार्ड आहे?"

"आहे."

"मग आता काही बोलू नका. फोन ठेवा. कार्ड टेबलावर काढून ठेवा, बाहेर जा, आणि मला तुमच्या स्वतःच्या फोनवरून फोन करा."

फोन बंद झाला. शलाकाला वाटलं, ही नोकरीही गेली. ती उठली, भाताचं आधण ठेवलं, तांदूळ धुतले. आधणाला उकळी आली तरी फोन आला नाही. तिनं तांदूळ वैरले, आणि झाकण ठेवत असताना मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, मी पार्किंगच्या मागं आलेय," ऋतुजाचा आवाज हळू झाला होता. "बोला."